वाकलेले पाय आणि मूत्रपिंडाचा विकार
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



मुलाचे अक्षर, त्याचे पाठांतर आणि गणितातील त्याचा कच्चेपणा शिक्षकाच्या जितक्या लवकर ध्यानात येतो, तितक्याच लवकर त्याची चालही ध्यानात येऊ शकते. आईबाप मुलाला रोज पाहतात, म्हणून त्याच्या शरीरात हळूहळू होणारा पालट त्यांच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय तुलनेसाठी त्याच वयाची पंचवीस-तीस मुले त्यांच्यासमोर उभी नसतात. शिक्षकासमोर ती प्रार्थनेच्या रांगेत रोज उभी असतात. एका शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांच्या सभेऐवजी शिक्षकांच्या सभेत मांडला जातो, त्याचे कारण हेच आहे.

जुनाट मूत्रपिंडविकारामुळे काही मुलांचे पाय वाकतात. हे पाय शस्त्रक्रियेने सरळ करता येतात काय, ती केव्हा करावी, आणि या कामी शाळेकडे कोणते कर्तव्य येते, याचा विचार येथे करावयाचा आहे. उत्तराचा गाभा थोडक्यात असा की, पाय सरळ करता येतात. परंतु हाडाला हात लावण्यापूर्वी मूत्रपिंडाकडे पाहावे लागते. हा क्रम चुकला, तर सरळ केलेला पाय पुन्हा वाकण्याचा संभव असतो, आणि याहून मोठी हानी अशी की, मूळ रोग तोवर आतल्या आत वाढत राहतो.

सर्वच वाकलेले पाय रोगाचे नव्हेत

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तान्ह्या मुलाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. दीड-दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात. पुढे ते उलट दिशेने झुकतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे एकमेकांना लागतात आणि घोटे दूर राहतात. सहा-सात वर्षांपर्यंत हा झुकाव आपोआप कमी होऊन पाय मोठ्या माणसाप्रमाणे होतात. १९७५ साली फिनलंडमधील सालेनियस व वांका या संशोधकांनी हजाराहून अधिक मुलांच्या पायांची मापे घेऊन हा क्रम प्रसिद्ध केला. यास्तव अंगणवाडीतील मुलाचे गुडघे एकमेकांना लागतात एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

काळजीची गोष्ट निराळी आहे. सात वर्षांनंतरही गुडघे आत वळलेले राहिले, अथवा पूर्वी सरळ असलेले पाय आठव्या-दहाव्या वर्षी वाकू लागले, तर ते नैसर्गिक नव्हे. मुलाला अनवाणी उभे करून गुडघे एकमेकांना नुसते टेकतील एवढे जवळ आणावेत, आणि दोन्ही घोट्यांच्या आतील बाजूंमधील अंतर फूटपट्टीने मोजावे. सात वर्षांवरील मुलात हे अंतर सुमारे ८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार बोटे, यांहून अधिक भरले, तर मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. एकच पाय वाकलेला असणे, वाक महिन्यामहिन्याने वाढणे, चालताना दुखणे, आणि वयाच्या मानाने उंची अगदी कमी असणे, यांपैकी एखादी गोष्ट दिसली तर अंतर कमी असले तरी थांबू नये.

मूत्रपिंड आणि हाड यांचा संबंध

पायांच्या हाडांचा पाठीमागच्या मूत्रपिंडांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. वैद्यकालाही तो दीर्घकाळ पडला होता. १८८३ साली लंडनच्या क्लेमंट ल्यूकस या शल्यवैद्याने असे नोंदविले की, वाढत्या वयात उशिरा मुडदूस झालेल्या काही मुलांच्या लघवीत प्रथिन जाते. दोन्ही गोष्टी एकत्र का दिसाव्यात, याचे उत्तर मिळण्यास त्यानंतर बहुतेक एक शतक लागले. १९७० साली केंब्रिज येथे फ्रेझर व कोडिसेक यांनी दाखवून दिले की, अन्नातून मिळणारे अथवा उन्हाने त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व तसेच्या तसे कामाला येत नाही. त्याला अखेरचे, कार्यक्षम रूप मूत्रपिंडात मिळते.

मूत्रपिंड म्हणजे केवळ रक्तातील मळ गाळणारी चाळणी अशी समजूत असते. वास्तविक हाडांचा कारभारही त्याच्याकडे असतो. निरोगी मूत्रपिंड ड जीवनसत्त्व कार्यक्षम करते, म्हणून आतड्यांतून कॅल्शियम शोषले जाते. रक्तातील जादा फॉस्फरस व जादा आम्ल ते बाहेर टाकते. मूत्रपिंड दुबळे झाले की ही तिन्ही कामे एकदम ढासळतात. रक्तातील कॅल्शियम उतरू लागते आणि फॉस्फरस चढू लागतो. मानेत परावटू नावाच्या चार लहानशा ग्रंथी आहेत. कॅल्शियमची पातळी राखणे हे त्यांचे काम. त्या उत्तेजित होऊन आपला रस अधिकाधिक सोडतात व हाडांतील कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. साठलेले आम्लही हाडातील क्षारच खर्ची पाडते. अशा रीतीने रक्ताची उणीव भरून काढताना हाड दरिद्री होत जाते.

मोठ्या माणसाचे हाड यामुळे ठिसूळ होते. मुलाचे हाड मात्र वाढत असते, म्हणून त्याची गोष्ट अधिक बिकट. लांब हाडांच्या टोकांजवळ एक मऊ कूर्चा असते व तीतूनच हाडाची लांबी वाढते. ही वाढकूर्चा मुडदुसाने रुंद व नरम होते आणि शरीराचा भार तिला सोसवत नाही. तिच्या ज्या बाजूवर दाब अधिक, त्या बाजूची वाढ कमी होते, असा नियम आहे. गुडघा थोडा आत झुकला की भार बाहेरच्या बाजूवर पडतो, ती बाजू खुंटते, आतील बाजू वाढत राहते, आणि झुकाव आणखी वाढतो. एकदा सुरू झालेला वाक स्वतःच स्वतःला वाढवितो, तो असा. विकार अगदी लहानपणी जडला तर पाय धनुष्याकार राहतात. तीन-चार वर्षांनंतर जडला तर बहुधा गुडघे आत वळतात. शाळेच्या वयात हा दुसरा प्रकार अधिक दिसतो.

मुलांमधील जुनाट मूत्रपिंडविकाराचे मोठे कारण जन्मजात रचनेतील दोष हे असते. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात पडद्यासारखा अडथळा असतो, तर काही मुलांत लघवी मूत्राशयातून उलट वर मूत्रपिंडाकडे चढते. या विकारांत पुष्कळदा पोटात अथवा पाठीत दुखतही नाही. मूल बारीक राहते, उंची वाढत नाही, चेहरा फिका पडतो, तहान फार लागते, तासातासाला लघवीला जावे लागते, मोठ्या वयातही अंथरूण ओले होते, मुलग्याच्या लघवीची धार बारीक पडते अथवा थेंबथेंब होते. ही लक्षणे सुटी सुटी पाहिली तर प्रत्येकीला घरगुती कारण सापडते. वाकणाऱ्या पायांबरोबर ती दिसली, तर मात्र त्यांचा एकत्र विचार झाला पाहिजे.

निदान डॉक्टरांचे, संशय शिक्षकाचा

पाय वाकण्याची कारणे अनेक आहेत. पुरेसे कॅल्शियम व ऊन न मिळाल्याने होणारा साधा मुडदूस आहे. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याने होणारा विकार आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत अशा पाण्याचा प्रश्न परिचित आहे. मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती शाबूत असूनही आम्ल बाहेर टाकण्याचे कामच बिघडते, असाही एक विकार असून तो योग्य मात्रेतील क्षारयुक्त औषधाने ताब्यात राहतो. कोणता पाय कशामुळे वाकला, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. म्हणून शिक्षकाने निदान करू नये. संशय मात्र अवश्य घ्यावा.

तपासण्या साध्या आहेत. लघवीची परीक्षा, रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फेटेज आणि गुडघ्यांचे क्ष-किरण चित्र, एवढ्यांतून बहुधा दिशा कळते. लघवीची साधी परीक्षा निर्दोष आली म्हणजे मूत्रपिंड निर्दोष ठरले, असे मात्र नव्हे. क्रिएटिनिन पाहिल्यावाचून तो निर्वाळा देता येत नाही. पाय वाकलेल्या मुलाच्या पालकांनी डॉक्टरांना एवढे विचारलेच पाहिजे की, “मुलाच्या मूत्रपिंडाची तपासणी झाली काय?” हा प्रश्न शिक्षकाने पालकाला शिकवून ठेवावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचारांची सोय हे त्याचे उद्दिष्ट असून त्याची फिरती पथके शाळांत येतात. पथक ज्या दिवशी येते त्या दिवशी नेमके हेच मूल गैरहजर राहिले, तर वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून संशयित मुलांची नावे आधीच लिहून ठेवावीत, आणि पथकाला वेळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे थेट चिठ्ठी द्यावी.

आधी रक्त, मग हाड

निदान झाले की आईबापांच्या मनात पहिला विचार येतो तो शस्त्रक्रियेचा. वाकलेला पाय दिसतो, मूत्रपिंड दिसत नाही. म्हणून दिसणारी व्यथा आधी दूर व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथे घाई घातक ठरते. रक्तातील बिघाड कायम असताना हाड सरळ केले, तर जखम सांधण्यास विलंब लागतो, खिळ्यांना नरम हाडात पकड मिळत नाही, आणि ज्या कारणाने पाय वाकला ते कारण जिवंत असल्याने तो पुन्हा वाकू शकतो.

म्हणून बालमूत्रपिंडतज्ज्ञ प्रथम काही महिने औषधोपचार करतात. आहारातील फॉस्फरस आटोक्यात आणला जातो व त्याला आतड्यातच अडवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबर दिल्या जातात. त्या उपाशीपोटी घेतल्यास उपयोग होत नाही. कार्यक्षम ड जीवनसत्त्व मोजक्या मात्रेत दिले जाते. आम्ल मारण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट देतात. रक्तक्षय सुधारतात. परावटू ग्रंथींच्या रसाचे व अल्कलाइन फॉस्फेटेजचे प्रमाण उतरले आणि क्ष-किरण चित्रात वाढकूर्चा सुधारलेली दिसली, म्हणजे हाड शस्त्रक्रियेला सिद्ध झाले असे समजतात. लहान वयात, वाक थोडा असताना उपचार सुरू झाले, तर काही मुलांचे पाय केवळ औषधांनीच पुष्कळ सुधारतात व शस्त्रक्रिया टळते. लवकर ओळखण्याचे मोल यात आहे.

शस्त्रक्रियेचे दोन मार्ग

पहिल्या मार्गाला वाढीला वळण देणे असे म्हणता येईल. शेताच्या बांधावरील कोवळे रोप एका बाजूने अडवले तर ते दुसरीकडे वाढते, तसाच हा प्रकार. गुडघा आत वळला असेल तर वाढकूर्चेच्या आतील बाजूस धातूची लहान पट्टी दोन खिळ्यांनी बसवितात. त्या बाजूची वाढ तात्पुरती रोखली जाते, बाहेरची बाजू वाढत राहते आणि पाय सावकाश सरळ होतो. ही कल्पना नवी नव्हे; अमेरिकेतील ब्लाउंट यांनी १९४९ साली याकरिता धातूच्या आकड्यांची पद्धत प्रसिद्ध केली होती. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी दोन छिद्रांची पट्टी त्याच देशातील पीटर स्टीव्हन्स यांनी पुढे प्रचारात आणली व तिचे अनुभव २००७ साली प्रसिद्ध केले. यात हाड कापावे लागत नाही, जखम लहान असते आणि मूल थोड्याच दिवसांत चालू लागते. परंतु दोन अटी आहेत. वाढीची काही वर्षे शिल्लक असली पाहिजेत. आणि पट्टी बसविल्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी तपासणीस गेलेच पाहिजे, कारण पाय सरळ झाल्यावर पट्टी काढली नाही, तर तो उलट दिशेला वाकू लागेल. मूत्रपिंडविकारात मुलाची वाढ मंद असल्याने पाय सरळ होण्यासही अधिक काळ लागतो, हे पालकांनी आधीच जाणून असावे.

दुसरा मार्ग हाड कापून सरळ करण्याचा. वाक फार असेल, वाढ संपत आली असेल अथवा हाड पिळलेले असेल, तर वाकाच्या जागी हाड छेदून ते योग्य रेषेत आणतात आणि पट्टी, खिळे किंवा बाहेरील कड्यांच्या चौकटीने स्थिर करतात. अशी कड्यांची चौकट सायबेरियातील कुर्गान येथील इलिझारोव्ह या शल्यवैद्याने १९५० नंतरच्या दशकात विकसित केली. या शस्त्रक्रियेने पाय तत्काळ अथवा थोड्या आठवड्यांत सरळ होतो. पण हाड सांधेपर्यंत भार टाकता येत नाही, आणि या मुलांत सांधण्यास निरोगी मुलाहून अधिक काळ लागू शकतो.

दोन्ही मार्गांत मूत्रपिंडतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व अस्थिशल्यवैद्य यांना एकत्र विचार करावा लागतो. मूल डायलिसिसवर असेल तर शस्त्रक्रियेचा दिवस त्या मानाने ठरवितात. रक्तदाब, रक्तातील पोटॅशियम व जंतुसंसर्ग यांवर लक्ष ठेवतात. मूल दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिले तर हाडातील कॅल्शियम रक्तात उतरते. त्यावेळी ड जीवनसत्त्वाची मात्रा पूर्वीइतकीच राहिली तर रक्तातील कॅल्शियम प्रमाणाबाहेर चढण्याचे भय असते. ज्या रुग्णालयात हे सर्व तज्ज्ञ एकाच छताखाली आहेत, तेथेच ही शस्त्रक्रिया व्हावी. गावच्या हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे अथवा फळ्या बांधणे याने वाक जात नाही. नरम हाडाला इजा मात्र होते.

शाळेचे कर्तव्य

हे सर्व उपचार वर्षानुवर्षे चालतात. याच काळात मुलाची शाळा सुटते. पाय सरळ झाला आणि शिक्षण वाकले, असे घडू नये, ही जबाबदारी शाळेची आहे.

पहिली गोष्ट उंचीची नोंद. प्रत्येक मुलाची उंची वर्षातून दोनदा मोजून वहीत लिहावी. वर्षभरात उंची जवळजवळ वाढलीच नाही, असे आढळले तर ती नोंद डॉक्टरांच्या दृष्टीने पुष्कळ मोलाची ठरते.

दुसरी गोष्ट पाणी व लघवी यांची. काही मूत्रपिंडविकारांत मुलाने भरपूर पाणी पिणे आवश्यक असते, काहींत पाणी मोजून द्यावे लागते. मुलासाठी डॉक्टरांनी काय लिहून दिले आहे ते पालकांकडून जाणून घ्यावे व त्याप्रमाणे वागावे. लघवीला जाण्याची परवानगी अशा मुलाला कधीही नाकारू नये. तासाच्या मध्ये उठतो म्हणून त्याला शिक्षा करणे म्हणजे रोगाबद्दल शिक्षा करणे होय.

तिसरी गोष्ट खाण्याची. अशक्त मूल पाहून त्याला केळे, नारळपाणी द्यावे असे दयाळू माणसाला वाटते. परंतु मूत्रपिंड निकामी होत असता रक्तात पोटॅशियम साठू शकते, आणि ते फार चढल्यास हृदयाला धोका पोहोचतो. शालेय पोषण आहारातील काय द्यावे व किती, हे डॉक्टरांच्या कागदावरून ठरवावे. स्वतःच्या बुद्धीने वाढवूही नये, तोडूही नये.

चौथी गोष्ट औषधांची. पाय दुखतो म्हणून शाळेच्या औषधपेटीतील आयबुप्रोफेन अथवा डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामक गोळी अशा मुलाला देऊ नये. ती मूत्रपिंडाला अपाय करते. भस्मे व अनोळखी काढे यांपासूनही पालकांना परावृत्त करावे. मूल एकाएकी लंगडू लागले, अथवा मांडीत, जांघेत किंवा गुडघ्यात दुखते म्हणू लागले, तर त्याला चालवू नये. या विकारात मांडीच्या हाडाचे डोके जागचे सरकू शकते. त्याच दिवशी उचलून रुग्णालयात न्यावे.

पाचवी गोष्ट अभ्यासाची. शस्त्रक्रियेचा दिनांक कळताच त्या काळातील पाठांचे टाचण तयार करावे, वर्गातील दोन मुलांकडे वह्या पोहोचविण्याचे काम द्यावे, आणि शक्य तेव्हा शिक्षकाने स्वतः घरी जाऊन धडा घ्यावा. मूल परतले की त्याची जागा दाराजवळ, पाय सरळ ठेवता येईल अशी असावी. धावणे, उड्या मारणे यांतून डॉक्टर सांगतील तोवर सूट द्यावी. परंतु खेळाच्या तासाला त्याला वर्गात एकटे बसवू नये. गुण लिहिणे, वेळ पाहणे, संघ पाडणे ही कामे त्याच्याकडे द्यावीत.

शेवटची गोष्ट नावाची. वाकड्या चालीच्या मुलाला गावात बहुधा चालीवरून नाव पडते. ते शाळेत उच्चारले जाऊ नये. टोपणनावाच्या लाजेने मूल रांगेत उभे राहण्याचे टाळते, मग शाळेत येण्याचे टाळते, आणि ज्याची चाल शिक्षकाच्या नजरेस पडायची तेच मूल नजरेआड होते.

जुनाट मूत्रपिंडविकार पुष्कळ वेळा पूर्ण बरा होत नाही. काही मुलांना पुढे डायलिसिस व मूत्रपिंडाचे प्रतिरोपण यांची गरज पडते. तथापि रोग जितका लवकर कळेल, तितके उरलेले मूत्रपिंड अधिक काळ जपता येते, हाडे वाचविता येतात, आणि शस्त्रक्रिया लागलीच तर ती लहान व यशस्वी होण्याची आशा वाढते. यासाठी शिक्षकाला वैद्यक शिकावे लागत नाही. एक फूटपट्टी, उंचीची एक वही, आणि वेळेवर लिहिलेली एक चिठ्ठी एवढीच साधने पुरेशी आहेत, आणि ती प्रत्येक शाळेत आहेत.